पिवळा खडा पाण्यात तोलून पाहा

वसईच्या एखाद्या सराफाकडे ‘पुष्कराज दाखवा’ म्हटले, तर तो फिकट पिवळा, लखलखीत खडा पुढे ठेवील. पण हा खडा नेमका कोणता? मराठी पुस्तकांत टोपॅझ या खनिजाला पुष्कराज म्हणतात. बाजारात मात्र हे नाव पिवळ्या नीलमाला, म्हणजे कुरुंदाला आहे. शिवाय तिसरा भाऊ सुनेला. ही तर नुसती पिवळी गार! किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असल्याने ग्रहासाठी अंगठी करणाऱ्या कुटुंबाची पुंजी या नावाच्या घोळात अडकू शकते. ग्रहाचे काय ते ज्याचे त्याने पाहावे, खड्याचे आपण पाहू या.

डोळ्यांना तिन्ही सारखे दिसले, तरी आर्किमिडीजला फसवणे कठीण. कुरुंदाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.०, टोपॅझचे ३.५ आणि गारेचे २.६५. पाच कॅरटचा, म्हणजे १ ग्रॅमचा सुटा खडा बारीक दोऱ्याने तराजूला टांगून पाण्यात बुडवा. कुरुंद असेल तर वजन ०.२५ ग्रॅमने घटेल, टोपॅझ ०.२९ने, तर सुनेला ०.३८ने. प्रयोगशाळेतल्या चांगल्या तराजूला हा फरक सहज कळतो. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटले, तर मात्र उत्तर चुकते. कारखान्यात बनवलेला कुरुंदही याच कसोटीला उतरतो; तो ओळखायला सूक्ष्मदर्शक हवा.

बाजारातला बराचसा सुनेला जांभळी गार सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवून करतात. दोन्ही रंगांच्या मुळाशी लोहच. जांभळी गार आपल्याला परकी नाही. तुंगारेश्वरचा डोंगर ज्या दख्खनच्या बसाल्टचा, त्याच खडकाच्या पोकळ्यांत ती जालन्याकडे सापडते.

आता निगा. मोहच्या मापावर कुरुंदाचे काठिण्य ९, टोपॅझचे ८, गारेचे ७. हवेतल्या धुळीतही गारेचे कण असतात, म्हणून सुनेला कोरड्या फडक्याने घासला की झिलई जाते. आधी कोमट साबणपाण्याने धुवा, मग पुसा. टोपॅझ कठीण खरा, पण एका दिशेने तो सरळ दुभंगतो. फरशीवर पडला की संपले. अंगठी दुरुस्तीला देताना खडा काढून ठेवायला सांगावे, कारण ज्योतीच्या आचेने रंग उडू शकतो. आणि किरणांचा मारा करून पिवळा केलेला नीलम असेल, तर खिडकीतल्या उन्हातही तो हळूहळू पांढरा पडतो.