हृदयाची प्रतिमा संगणक कशी वाचतो? रायपूरच्या संदर्भात एक दृष्टिक्षेप

रायपूर : बस्तर विभागाचे मुख्यालय असलेल्या जगदलपूरपासून रायपूरचे अंतर रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर आहे. हृदयविकाराची शंका असलेल्या दक्षिण छत्तीसगडमधील अनेक रुग्णांना तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी हे अंतर कापावे लागते. राजधानीत २०१२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) आहे, डॉ. आंबेडकर स्मृती रुग्णालयाशी संलग्न असलेली शासकीय हृदयरोग संस्था आहे, तसेच नवा रायपूर येथे जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांवर विनाशुल्क शस्त्रक्रिया करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. मात्र, प्रतिमा काढणारे यंत्र आणि ती वाचणारा तज्ज्ञ एकाच ठिकाणी असणे ही आजही मोठ्या शहरांचीच सोय आहे. या पार्श्वभूमीवर हृदय व रक्तवाहिन्यांच्या प्रतिमांचे संगणकीय विश्लेषण हा केवळ संशोधनाचा विषय राहिलेला नाही.

इको : एका आकड्यावर अवलंबून असलेला निर्णय

ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाचे चलचित्र टिपणारी इको तपासणी सर्वाधिक प्रचलित आहे. तीत ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ हा आकडा महत्त्वाचा मानला जातो. डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, हे त्यावरून कळते. जवनिकेत १२० मिलीलिटर रक्त भरले आणि आकुंचनानंतर ५० मिलीलिटर उरले, तर ७० मिलीलिटर रक्त बाहेर गेले; म्हणजे हा आकडा सुमारे ५८ टक्के येतो.

हे गणित सोपे असले तरी मोजमाप अवघड आहे. जवनिकेची आतील कड पडद्यावर हाताने रेखाटावी लागते. प्रतिमा धूसर असल्यास दोन अनुभवी डॉक्टरांच्या रेखाटनांतही फरक पडतो. हा फरक किरकोळ नसतो. कारण घातक ठोक्यांपासून संरक्षण देणारे उपकरण छातीत बसवावे की नाही, हे ठरविताना ३५ टक्के ही मर्यादा प्रमुख निकष म्हणून वापरली जाते.

संगणक हीच कड चलचित्राच्या प्रत्येक चौकटीत आखतो आणि एकाऐवजी अनेक ठोक्यांची सरासरी काढतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये १०,०३० इको चलचित्रांच्या आधारे विकसित केलेली अशी प्रणाली प्रसिद्ध केली आणि तो संग्रह इतर संशोधकांसाठीही खुला केला.

सीटी स्कॅन : कॅल्शियमची मोजणी

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांमध्ये साचलेले कॅल्शियम सीटी स्कॅनमध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. ते मोजण्याची रीत आर्थर अगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. घनतेच्या मापनश्रेणीवर १३० किंवा त्याहून अधिक एकक असलेला भाग कॅल्शियम मानला जातो. त्याचे क्षेत्रफळ घनतेनुसार १ ते ४ यांपैकी एका अंकाने गुणून सर्वांची बेरीज केली जाते. नियम इतका स्पष्ट असल्याने हे काम संगणकाला सहज सोपविता येते. मात्र, शून्य गुण म्हणजे धोका शून्य असे नव्हे. कॅल्शियम न साचलेला मऊ थर या मोजणीत येत नाही.

अरुंद वाहिनी आणि प्रत्यक्ष अडथळा

अँजिओग्राफीच्या अहवालातील ‘५० टक्के ब्लॉक’ हा उल्लेख सहसा व्यासासंबंधी असतो. तीन मिलिमीटर व्यासाची धमनी दीड मिलिमीटर झाली, तर तिचा व्यास निम्मा होतो. परंतु रक्तासाठी मोकळे राहिलेले क्षेत्र केवळ २५ टक्के उरते. तरीही रक्तप्रवाह खरोखर किती घटला, हे निव्वळ चित्रावरून निश्चित होत नाही. त्यासाठी धमनीत बारीक तार घालून अडथळ्याच्या पुढील आणि मागील दाबाचे गुणोत्तर मोजले जाते. ते ०.८० किंवा त्याहून कमी असल्यास अडथळा महत्त्वाचा समजतात.

सीटी प्रतिमांवरून धमन्यांची त्रिमितीय रचना उभारून द्रवगतिशास्त्राच्या समीकरणांद्वारे हेच गुणोत्तर तार न घालता अंदाजणे आता शक्य झाले आहे. अशा पद्धतीला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये मान्यता दिली.

संगणक शिकतो कसा?

पूर्वीच्या प्रणालींना नळीसारखा आकार कसा ओळखावा, याचे नियम गणिती सूत्रांतून दिले जात. आजच्या प्रणालींना तज्ज्ञांनी कड आखून दिलेल्या हजारो प्रतिमा दाखविल्या जातात. प्रणालीचे उत्तर आणि तज्ज्ञांची आखणी यांतील फरक कमी होईपर्यंत तिच्यातील अंतर्गत आकडे बदलत राहतात. त्यामुळे तिची गुणवत्ता तिला दाखविलेल्या प्रतिमांवर अवलंबून असते.

छत्तीसगडच्या दृष्टीने खरा प्रश्न येथेच उद्भवतो. खुले प्रतिमासंग्रह मुख्यतः श्रीमंत देशांतील आहेत. तेथे दुर्मीळ झालेला संधिवाती ताप आणि त्यामुळे होणारे झडपांचे विकार भारतातील गरीब वस्त्यांमध्ये आजही आढळतात. छत्तीसगडमध्ये सिकलसेल आजाराचे प्रमाणही लक्षणीय आहे. दीर्घकाळच्या रक्तक्षयामुळे अशा रुग्णांचे हृदय अधिक रक्त पंप करते आणि कालांतराने त्याचे कप्पे मोठे होतात. प्रणालीने अशी हृदये कधी पाहिलीच नसतील, तर तिचा निष्कर्ष ठाम दिसूनही चुकीचा असू शकतो. जन्मजात दोष असलेल्या बालकाच्या हृदयाची तर मूळ रचनाच वेगळी असते.

त्यामुळे स्थानिक रुग्णांच्या प्रतिमांवर चाचणी घेतल्याविना कोणतीही प्रणाली वापरात आणणे धोक्याचे ठरू शकते. रायपूरमध्ये एकीकडे मोठी रुग्णालये, तर दुसरीकडे जैववैद्यकीय अभियांत्रिकी विभाग असलेली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि नवा रायपूरमधील माहिती तंत्रज्ञान संस्था असल्याने अशा चाचणीसाठी लागणारी सामग्री आणि कौशल्य एकाच परिसरात उपलब्ध आहे.

नियम आणि रुग्णाचे हक्क

वैद्यकीय वापराच्या सॉफ्टवेअरचा भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत समावेश करण्यात आला आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला. अहवालातील आकडा संगणकाने काढला असल्यास तो डॉक्टरांनी स्वतः तपासला आहे का, हे विचारण्यास रुग्णाने वा नातेवाइकांनी संकोच बाळगू नये. जुन्या तपासण्यांचे अहवालच नव्हे, तर मूळ प्रतिमांची सीडीही जपून ठेवावी. पुढील तुलनेसाठी तिचाच उपयोग होतो.

छातीत अचानक दुखणे, दम लागणे, घाम सुटणे अशी लक्षणे दिसल्यास मात्र कोणत्याही स्कॅनची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि नजीकच्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा.