आकडे बोलतात, पण खरं बोलतात का?

आज जबलपूरला जाऊ. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण भेडाघाट पाहून, संगमरवराची मूर्ती घेऊन परततात. त्याच शहरात नयागावला मध्य प्रदेशचं राज्य भार प्रेषण केंद्र आहे. महाराष्ट्राचं कळव्याला आहे, तसंच. राज्यभरातल्या वीजकेंद्रांचे आणि उपकेंद्रांचे आकडे इथल्या पडद्यांवर दर काही सेकंदांनी बदलत असतात.

मोठ्या प्रमाणावर वीज सहज साठवता येत नाही, म्हणून निर्मिती आणि वापर यांचा मेळ क्षणोक्षणी बसावा लागतो. वापर वाढला की जनित्रांची गती मंदावते आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली उतरते. हे सोपं. खरी पंचाईत पुढे आहे: पडद्यावरच्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा?

समजा, एका उपकेंद्रात एका लाइनवरून २०० मेगावॅट वीज येते आणि दोन लाइनींवरून १२२ आणि ८४ बाहेर जाते. आले २००, गेले २०६! वीज काही तिथे पिकत नाही, म्हणजे मीटर थोडेफार चुकताहेत. तिन्ही मीटर सारखेच विश्वासाचे असतील, तर सहाचा फरक तिघांत वाटायचा: २०२, १२० आणि ८२. जमाखर्च जुळला. दुरुस्त्यांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवायची, ही ती लघुतम वर्ग पद्धत. १८०५ मध्ये लजांद्रने आणि १८०९ मध्ये गाउसने ती छापली, ती धूमकेतू आणि ग्रहांच्या कक्षा काढण्यासाठी. १९७० मध्ये एमआयटीच्या फ्रेड श्वेपने ती वीजजाळ्याला लावली. एखादा मीटर जास्त भरवशाचा असेल, तर त्याच्या आकड्याला कमी हात लावायचा.

पण एखादा मीटर साफच बिघडला असेल तर? त्याची चूक शेजाऱ्यांच्या माथी मारून कसं चालेल? त्यासाठी लाइनीच्या दुसऱ्या टोकाचा मीटरही विचारात घेतात. गरजेपेक्षा जास्त मोजमापं असली, की एकटा पडणारा आकडा पकडता येतो. मोजमापं नेमकी गरजेपुरतीच असली, तर खोटा आकडाही बिनबोभाट खपून जातो. त्यामुळे जादा मीटरचा खर्च वायफळ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

हे सगळं हजारो आकड्यांवर आणि वेळेत व्हायला हवं. ‘रिअल टाइम’ म्हणजे नुसतं जलद नव्हे; ठरल्या मुदतीच्या आत. परिस्थिती बदलल्यावर मिळालेलं अचूक उत्तर ऑपरेटरच्या काय कामाचं?

अर्थात, ऑपरेटरला विचारायला सवडच नसते असेही निर्णय असतात. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास मध्य प्रदेशातल्या बीनाहून ग्वाल्हेरला जाणारी ४०० केव्ही लाइन बंद पडली. जोडीची दुसरी लाइन आधीच बंद होती. त्यामुळे हिच्यावर भार इतका वाढला होता, की रिलेने, म्हणजे बिघाड दिसताच लाइन आपोआप तोडणाऱ्या उपकरणाने, त्यालाच दूरचा बिघाड समजून ती तोडली. त्यानंतर उत्तरेचं ग्रिड कोसळलं. रिले आपल्या नियमाला धरूनच वागला होता. नियमच त्या रात्रीच्या भाराला पुरा पडला नाही. रिले व्होल्टेज आणि करंटवरून बिघाडाचं अंतर कसं काढतो, ते पुढच्या आठवड्यात. ओहमचा नियम तेवढा उजळून ठेवा.