खांद्याची धडक आणि नियम ४८

एनएचएल या उत्तर अमेरिकी आइस हॉकी लीगमध्ये बचावपटूचा दरारा पूर्वी धडकेवर ठरे. न्यू जर्सी डेव्हिल्सचा स्कॉट स्टीव्हन्स त्यात अव्वल. २६ मे २००० रोजी फिलाडेल्फियाचा एरिक लिंड्रोस मान खाली घालून निळी रेषा ओलांडत होता. स्टीव्हन्सच्या खांद्याने तो जागीच आडवा झाला. पेनल्टी नाही, कारण धडक तेव्हाच्या नियमांत बसत होती. त्याच मोसमात डेव्हिल्सने स्टॅन्ली कप जिंकला.

मार्च २०१० मध्ये लीगमधल्याच मॅट कुक या खेळाडूच्या धडकेने प्रतिस्पर्धी मार्क सावार्ड जायबंदी झाला. कुकवर बंदी आली नाही. ओरड झाली, मग नजरेआडून डोक्यावर दिलेल्या धडकेविरुद्ध नियम ४८ आला. २०११ पासून लीगचाच सुरक्षा विभाग शिक्षा ठरवतो आणि कारणमीमांसेचा व्हिडिओ काढतो. तरी पक्षपाताचा वाद मिटलेला नाही, आणि तो अगदीच बिनबुडाचा म्हणता येत नाही: आरोपी संघ आणि न्यायाधीश एकाच घरचे.