उताऱ्याचे आकलन : काही रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठ २०१७ साली छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, स्थापन झाले. पैठण रस्त्यालगत कांचनवाडीत आज त्याचा परिसर आहे, आणि या विद्यापीठाच्या निमित्ताने येथील बारावीच्या विद्यार्थ्यांच्या, किंबहुना त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या पालकांच्या बोलण्यात ‘क्लॅट’ (राष्ट्रीय विधि विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा) हा शब्द चांगलाच रुळला. परीक्षेचे नाव रुळले त्या मानाने तिचे स्वरूप मात्र अद्याप नीट परिचयाचे झालेले दिसत नाही. औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांत इंग्रजी शब्दांच्या जाडजूड याद्या विकत घेणारी मुले पाहिली, की त्यांच्या मेहनतीविषयी आदर वाटतो आणि त्या मेहनतीच्या दिशेविषयी काळजीही वाटते.

पहिला गैरसमज असा की, इंग्रजी आकलन हा या परीक्षेचा एक लहानसा विभाग आहे आणि तो शेवटच्या महिन्यात उरकून घेता येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. २००८ साली ही सामाईक परीक्षा सुरू झाली तेव्हा २०० सुटे प्रश्न असत आणि इंग्रजीच्या ४० प्रश्नांत व्याकरण, शब्दार्थ, वाक्प्रचार यांची रेलचेल असे; परंतु २०२० साली राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या संघाने हा जुना शिरस्ता मोडला आणि प्रश्न उताऱ्यांवर आधारण्याचे धोरण स्वीकारले. हल्ली दोन तासांत १२० प्रश्न सोडवावयाचे असतात. त्यांपैकी इंग्रजीचे २२ ते २६ असले, तरी चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क आणि सामान्य तर्क हे विभागही सुमारे ४५० शब्दांच्या इंग्रजी मजकुरावरच उभे असतात, आणि गणिताचा विभागसुद्धा आधी काही माहिती वाचावयास लावून मगच प्रश्न विचारतो. सारांश, ज्यास आकलन येत नाही त्याचा एक विभाग नव्हे, संपूर्ण प्रश्नपत्रिकाच हातची जाते.

आता त्या शब्दांच्या याद्यांविषयी. शब्द ठाऊक असल्याशिवाय उतारा समजत नाही, ही गोष्ट उघड आहे. परंतु त्यावरून अप्रचलित, दुर्मीळ शब्दांचे पाठांतर म्हणजेच आकलनाची तयारी, असा जो निष्कर्ष काढला जातो तो ग्राह्य नाही. न्यूझीलंडमधील भाषातज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, परभाषेतील मजकूर कोणाच्याही साहाय्यावाचून नीट समजावयाचा असेल, तर त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचकास परिचित असावे लागतात. हा आकडा प्रथमदर्शनी धास्ती घालणारा वाटतो. पण जरा हिशेब करून पाहावा. ४५० शब्दांच्या उताऱ्यात ९८ टक्के शब्द ओळखीचे असले, तरी नऊ शब्द अनोळखी राहतातच, आणि तरीही आकलनास बाध येत नाही. जे हजारो शब्द ओळखीचे असावयास हवेत, ते यादीतले विक्षिप्त शब्द नसून वृत्तपत्रांत, कथांत, निबंधांत पुनःपुन्हा भेटणारे सामान्य शब्द होत, आणि ते प्रत्यक्ष वाक्यात, निरनिराळ्या संदर्भांत वारंवार भेटल्यानेच पक्के होतात. शिवाय परीक्षेच्या अधिकृत मार्गदर्शनात शब्दांचा अर्थ विचारला जाईल असे म्हटले आहे खरे, पण तो ‘उताऱ्यात वापरलेल्या’ शब्दांचा. यादीत एका शब्दापुढे एकच अर्थ छापलेला असतो. लेखक मात्र यादीला बांधलेला नसतो.

वेगाविषयीची समजूत याहूनही बळकट आहे, कारण तिला जाहिरातींचे पाठबळ लाभले आहे. मिनिटाला हजार शब्द वाचावयास शिकविण्याची हमी देणारे वर्ग आपणही पाहिले असतील. वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तर लहान लहान उड्या घेत आणि प्रत्येक उडीनंतर सुमारे पाव सेकंद थांबत जातो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जावाल यांच्या काळापासून ज्ञात आहे. या उड्या लांबविण्याच्या कसरती करून आकलन शाबूत राखता येते काय, याचा सविस्तर आढावा कीथ रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा निर्णय असा की, वेग आणि अचूकता यांच्यात सौदा हा करावाच लागतो; सामान्य वेगाच्या दुपटी-तिपटीने वाचणारा माणूस वस्तुतः मजकूर वाचीत नाही, तो चाळतो. इंग्रजी ललितेतर मजकूर मनातल्या मनात वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २३८ शब्द असतो, असे मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून दाखविले आहे.

मग या परीक्षेस वेग किती लागतो? बारावीच्या विद्यार्थ्यास पाच ते सात मिनिटांत वाचता येईल अशा दर्जाचा उतारा असेल, असे अधिकृत मार्गदर्शन सांगते. परंतु हे विधान उताऱ्याच्या काठिण्याविषयीचे आहे, वेळेच्या वाटणीविषयीचे नव्हे, हे ध्यानात न घेतल्यास घात होतो. इंग्रजीच्या वाट्यास प्रश्नांच्या प्रमाणात २४ मिनिटे येतात आणि चार उतारे आले असे धरले, तर सात मिनिटांप्रमाणे नुसत्या वाचनातच २८ मिनिटे खर्ची पडतील. मिनिटाला १५० शब्दांच्या शांत गतीने मात्र एक उतारा तीन मिनिटांत, चारही बारा मिनिटांत वाचून होतात आणि प्रत्येक प्रश्नास अर्धा मिनिट शिल्लक राहतो. म्हणजे आवश्यकता आहे ती साधारण वाचकाहून मंद, पण अखंड आणि एकाग्र अशा वाचनाची. ज्यांना हा वेगही गाठता येत नाही, त्यांच्या डोळ्यांत दोष नसतो. त्यांनी इंग्रजी पुरेसे वाचलेले नसते, एवढेच.

यानंतर येतो तो आपल्या प्रांताशी निगडित असलेला, आणि म्हणूनच मला अधिक सलणारा समज : मराठी माध्यमाच्या, त्यातून मराठवाड्यातल्या मुलांनी या परीक्षेच्या वाटेस जाऊ नये. या समजामागे इतिहासाचे विस्मरण आहे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचा अंमल संपेपर्यंत येथील सरकारदरबाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने सारे विषय उर्दूतून शिकविण्याचा धाडसी प्रयोग केला आणि इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा ठेवला; याच औरंगाबादेत मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठी झटणाऱ्या संस्थेचे दप्तर कित्येक वर्षे सांभाळले. घरी मराठी, वर्गात उर्दू आणि पुस्तकांत इंग्रजी अशा तीन भाषांच्या कचाट्यातून त्या पिढीतील वकील, अध्यापक आणि मुन्सफ तयार झाले. पुढे १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत येथे काढलेले, मिलिंद या नावाने प्रसिद्धीस आलेले महाविद्यालय आणि १९५८ साली स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ यांनी ज्या घरांत पूर्वी अक्षरही शिरले नव्हते, अशा घरांतील मुलांना इंग्रजी ग्रंथांपर्यंत नेऊन पोचविले. २००० सालापासून तर राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते.

शास्त्राचा कौलही याच बाजूस आहे. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली असे प्रतिपादन केले की, एका भाषेत कमावलेली वाचनाची खोल कौशल्ये (मुद्दा ओळखणे, युक्तिवादाची साखळी धरणे, लेखकाचा रोख जोखणे) दुसऱ्या भाषेच्या वाचनातही उपयोगी पडतात. अर्थात हे आपोआप घडत नाही. दुसऱ्या भाषेची किमान ओळख झाल्यावाचून पहिल्या भाषेतली पुंजी तेथे वटत नाही, आणि ही अट लपवून मराठी माध्यमाच्या मुलांना खोटा दिलासा देणे हेही अन्यायाचेच होय. पण ज्याने मराठी अग्रलेख चिकित्सकपणे वाचण्याची सवय लावून घेतली आहे, तो कोऱ्या पाटीने आलेला नाही. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून होणाऱ्या ‘सीयूईटी’ परीक्षेत भाषेच्या चाचणीसाठी मराठीसह तेरा भाषा उपलब्ध आहेत, आणि तेथेही आकलनाचे उतारेच असतात. ‘क्लॅट’ मात्र केवळ इंग्रजीतून होते. ती प्रादेशिक भाषांतूनही व्हावी, अशी याचिका २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली होती. त्या मागणीशी माझी सहानुभूती आहे, परंतु न्यायालयाच्या तारखांवर विसंबून अभ्यास तहकूब करता येत नाही.

येथे एका जुन्या सवयीचा उल्लेख करणे भाग आहे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेने महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकविले, हे तिचे ऋण मोठे आहे. पण प्रत्येक इंग्रजी वाक्याचे मनात मराठी करूनच पुढे सरकण्याची जी खोड त्या पद्धतीने लागली, ती परीक्षेच्या दालनात महागात पडते. इंग्रजीचे क्रियापद आधी येते, आपले शेवटी. त्यामुळे लांब वाक्य संपेपर्यंत थांबून पुन्हा माघारी यावे लागते आणि तोवर आधीच्या वाक्याचा धागा सुटलेला असतो. परिच्छेद संपल्यावर त्याचा आशय एका मराठी वाक्यात सांगून पाहणे हा मात्र उत्तम अभ्यास आहे.

सर्वांत कमी चर्चिला जाणारा, पण माझ्या मते सर्वाधिक गुण घालविणारा गैरसमज निराळाच आहे. तो असा की, विषय माहीत असला म्हणजे उत्तर बिनचूक येते. पूर्वज्ञानाचा उपयोग होतो, हे खोटे नाही. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकेतील ६४ शालेय विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. तेव्हा इतिहास, अर्थकारण, विज्ञान यांचे चौफेर वाचन हवेच. परंतु तेच ज्ञान पर्याय निवडताना दगा देते.

समजा, बीबी का मकबऱ्यावर उतारा आला. लेखक म्हणतो की, येथे येणारा बहुतेक प्रवासी ताजमहालाची प्रतिमा मनात घेऊनच येतो, आणि त्यामुळे या वास्तूचे स्वतःचे प्रमाण, गिलाव्यावरील नक्षीकाम आणि पाठीमागची डोंगररांग यांकडे त्याचे लक्ष जात नाही. लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता, असा प्रश्न आहे. पहिला पर्याय सांगतो की, मकबरा ताजमहालाहून हिणकस आहे. दुसरा सांगतो की, मकबऱ्याचा शिल्पी अताउल्ला हा ताजमहालाच्या शिल्पकाराचा पुत्र होता. तिसरा म्हणतो, वास्तूंची तुलना करणे सर्वथैव निरर्थक होय. आणि चौथा म्हणतो, मनात आधीच ठरविलेल्या तुलनेमुळे वास्तूचे स्वतःचे गुण नजरेआड होतात. येथे मकबऱ्यालगतच्या बेगमपुऱ्यात वाढलेला मुलगा दुसऱ्या पर्यायापाशी अडखळण्याचा संभव परगावच्या मुलापेक्षा अधिक, कारण ते विधान खरे आहे आणि त्यास ते ठाऊक आहे. परंतु उताऱ्यात ते नाही. पहिला पर्याय लोकांचे मत आहे, लेखकाचे नव्हे. तिसऱ्यातील ‘सर्वथैव’ लेखकाने उच्चारलेलेच नाही. त्याचा आक्षेप एका विशिष्ट तुलनेपुरता आहे. उरतो तो चौथा. कायद्याच्या अभ्यासास प्रवेश देणारी परीक्षा नेमके हेच का तपासते, हे समजणे अवघड नाही : साक्षीदार जे बोलला तेवढेच दप्तरात नोंदवावयाचे, आपल्याला ठाऊक असलेले त्यात मिसळावयाचे नाही, ही शिस्त वकिलास पुढे आयुष्यभर पाळावी लागते.

आधी प्रश्न वाचावेत की उतारा, या वादात विद्यार्थी जितका वेळ घालवितात तितक्या वेळेच्या योग्यतेचा तो वाद नाही. दोन्ही रीती करून पाहाव्यात आणि जमेल ती ठेवावी.

चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो म्हणून शंका असेल तेथे प्रश्न कोरा सोडावा, हा सल्ला मात्र हिशेबानेच खोटा ठरतो. चार पर्यायांपैकी एक जरी खात्रीने बाद करता आला, तर उरलेल्या तिहींतून अंदाजाने निवडण्यात सरासरीने एक षष्ठांश गुण पदरात पडतो; आणि मागील काही प्रवेशांचा अनुभव पाहता, गुणांच्या अपूर्णांकांवरही शेकडो क्रमांक मागेपुढे होतात. राज्याच्या पाच वर्षांच्या विधि-अभ्यासक्रमाच्या सीईटीत तर चुकीच्या उत्तरास दंडच नाही; तेथे प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ आळस होय.

राहता राहिला सरावाच्या संख्येचा प्रश्न. दिवसाकाठी दहा उतारे सोडवून गुण मोजणारा विद्यार्थी मोजण्याचाच सराव करीत असतो. एक उतारा सोडवावा, आणि मग चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे, आपण निवडलेल्या पर्यायाला उताऱ्यातील कोणत्या ओळीचा आधार वाटला व बरोबर पर्यायाला कोणत्या ओळीचा आहे, हे वहीत लिहून काढावे. काही आठवड्यांत आपण नेहमी एकाच प्रकारे चुकतो, कधी अतिव्याप्त पर्याय निवडून, कधी स्वतःचे मत घुसवून, हे विद्यार्थ्याच्या आपसूक ध्यानात येते. मजकुराच्या निवडीतही इंग्रजी दैनिकांच्या अग्रलेखांपुरते थांबू नये, कारण अधिकृत मार्गदर्शनात समकालीन व ऐतिहासिक महत्त्वाच्या कथात्म साहित्याचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि पात्राच्या मनातील भाव ओळखण्याचा प्रश्न अग्रलेखांनी सुटत नाही. गेली काही वर्षे ही परीक्षा डिसेंबरात होते. ज्यांची बारावी येत्या जूनमध्ये सुरू होत आहे, त्यांनी शब्दांची यादी विकत घेण्याऐवजी शहरातील एखाद्या वाचनालयाची वर्गणी भरावी आणि पहिल्या दिवसापासून रोज एक इंग्रजी लेख शेवटपर्यंत वाचावा.