रेडिएटरमधील गाळ काढणे

घरगुती मध्यवर्ती तापन व्यवस्थेतील रेडिएटर, नळ आणि बॉयलर यांत साचलेला काळा लोहयुक्त गाळ बाहेर काढण्याची क्रिया म्हणजे रेडिएटरमधील गाळ काढणे होय. थंड हवामानाच्या देशांत, विशेषतः ब्रिटनमध्ये, बहुसंख्य घरे या व्यवस्थेने उबदार ठेवली जातात. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाच्या साहाय्याने खोल्याखोल्यांतील पोलादी रेडिएटरांमधून फिरते आणि पुन्हा बॉयलरकडे परतते. महाराष्ट्रात रेडिएटर म्हटले की मोटारगाडीचा रेडिएटर आठवतो. तो इंजिनाची नकोशी उष्णता बाहेर टाकतो, तर घरातील रेडिएटर हवीशी उष्णता खोलीला देतो.

गाळाची उत्पत्ती

‘गाळ’ या शब्दावरून नदी-विहिरीच्या गाळाप्रमाणे बाहेरून आलेली माती असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात हा गाळ म्हणजे बव्हंशी रेडिएटरचेच झिजलेले पोलाद असते. लोहाची पाण्याशी अभिक्रिया होऊन अखेरीस मॅग्नेटाइट हे काळे ऑक्साइड आणि हायड्रोजन वायू तयार होतो. तापलेल्या लोहावरून वाफ सोडली असता हेच पदार्थ मिळतात, हे विद्यार्थ्यांनी शालेय रसायनशास्त्रात वाचलेले असते. रेडिएटरमध्ये ही क्रिया कमी तापमानाला, अतिशय मंदपणे आणि लोहाच्या हायड्रॉक्साइडाच्या टप्प्यातून घडते.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ही झीज वाढवतो. एकदा भरलेल्या पाण्यातील ऑक्सिजन गंजण्यात लवकरच संपतो आणि नवा ऑक्सिजन न मिळाल्यास गंजण्याचा वेग पुष्कळ मंदावतो. त्यामुळे ताजे पाणी चांगले व साठलेले वाईट, हा नेहमीचा अनुभव येथे उलटा ठरतो. बारीक गळतीमुळे वरचेवर पाणी भरावे लागणे, माळ्यावरील उघड्या टाकीत गरम पाणी पुनःपुन्हा उसळून पडणे किंवा ऑक्सिजनरोधक थर नसलेले प्लॅस्टिकचे नळ, ही नव्या ऑक्सिजनाच्या शिरकावाची नेहमीची कारणे होत. पाण्याचा रंगही येथे साक्ष देतो: काळे पाणी अल्प ऑक्सिजनातील गंज दर्शवते, तर तांबूस-तपकिरी पाणी हवेचा शिरकाव सुरू असल्याचे सुचवते.

लक्षणे

मॅग्नेटाइट पाण्याहून जड असल्याने ते तळाशी बसते. म्हणून रेडिएटर वरून गरम आणि खाली, विशेषतः मध्यभागी, थंड लागतो. याउलट वरचा भाग थंड असल्यास तेथे वायू कोंडलेला असतो व तो वरच्या लहान झडपेतून किल्लीने सोडता येतो. हा वायू साधी हवाच असेल असे नाही. वारंवार साचत असल्यास तो हायड्रोजन असू शकतो. काडी पेटवून तो ओळखण्याची जुनी पद्धत धोकादायक आहे. गाळ वाढल्यास अरुंद नळ तुंबतात, पंप झिजतो आणि बॉयलरमधील उष्णता-विनिमयकाच्या बारीक वाटा बंद होतात. खोली थंडच राहते व इंधन मात्र जळत राहते.

एक रेडिएटर धुणे

गाळ एक-दोन रेडिएटरांपुरता असल्यास ते उतरवून अंगणात धुता येतात. प्रथम व्यवस्था बंद करून पाणी निवू देतात. दोन्ही बाजूंच्या झडपा बंद करताना प्रवाह-संतुलनाची झडप किती फेरे फिरवावी लागली ते लिहून ठेवणे अगत्याचे आहे, कारण परत तेवढीच उघडली नाही तर अन्य खोल्यांचा उष्णतेचा वाटा बिघडतो. तापमानानुसार चालणारी झडप थंडीत आपोआप उघडू शकते. तिच्यावर नुसती खूण पाहून न थांबता झडप घट्ट बंद ठेवणारे टोपण बसवतात. खाली पसरट भांडे ठेवून जोड सैल करतात आणि वरची लहान झडप उघडून पाणी काढतात. हे पाणी गालिच्यावर पडल्यास काळा डाग सहसा निघत नाही. बाहेर नेल्यावर नळीने दोन्ही टोकांकडून पाणी सोडतात व रबरी हातोड्याने हलके ठोकून चिकटलेला थर मोकळा करतात. स्वच्छ पाणी येऊ लागले की रेडिएटर परत बसवून पाणी भरतात आणि हवा काढतात.

संपूर्ण व्यवस्थेची धुलाई

गाळ सर्वत्र पसरला असल्यास आधी पाण्यात स्वच्छक रसायन मिसळून ते काही काळ फिरवतात. नंतर शक्तिशाली पंप जोडून, प्रवाहाची दिशा आलटून-पालटून, एकेका रेडिएटरमधून पाणी वेगाने सोडतात. या धुलाईने रेडिएटर फुटला अशी तक्रार कधीकधी ऐकू येते. बहुधा पत्रा आधीच आतून विरलेला असतो आणि छिद्र गाळानेच बुजलेले असते. अर्थात जुन्या व्यवस्थेबाबत ही शक्यता कारागिराने आधीच सांगायला हवी.

प्रतिबंध

केवळ धुण्याने गंज थांबत नाही; उलट नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन येतो. म्हणून धुलाईनंतर गंजरोधक द्रव्य घालणे आवश्यक ठरते. एकच रेडिएटर धुतला तरी मूळ द्रव्य विरळ होत असल्याने हे लागू पडते. बॉयलरमध्ये ॲल्युमिनियमचे भाग असल्यास त्यास चालणारेच द्रव्य निवडतात. मॅग्नेटाइट चुंबकाकडे ओढले जात असल्यामुळे बॉयलरकडे परतणाऱ्या नळावर चुंबकीय गाळणी बसवली जाते. ब्रिटनच्या बीएस ७५९३ या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत अशी गाळणी आणि गंजरोधकाची वार्षिक तपासणी यांची शिफारस आहे. गाळणीतील चुंबक बाहेर काढून पुसल्यावर दरवर्षी जमा होणारा काळा लेप कमी होत आहे की वाढत आहे, यावरून आत गंज चालू आहे की नाही याचा अंदाज घेता येतो.