दूध संस्थेचा संगणक बदलताना

डेअरीत दूध घातलं की आपण आधी चिठ्ठी बघतो, फॅट किती लागली? ती चिठ्ठी एकटा संगणक देत नाही. काटा, फॅट मशीन, हिशोबाचं सॉफ्टवेअर, प्रिंटर ही सगळी साखळी, आणि बहुतेक ठिकाणी तिच्या बुडाशी विंडोज.

या विंडोजला आयुष्य असतं. विंडोज ७ ची देखभाल कंपनीनं १४ जानेवारी २०२० ला थांबवली. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. थोड्या मुदतीची जादा सोय आहे, तेवढीच. त्या दिवशी संगणक बंद पडत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण नव्यानं सापडलेल्या चोरवाटा बुजवणं थांबतं, आणि आपली खाती तर त्यातच!

बरं, विंडोज ११ बऱ्याच जुन्या संगणकांवर चढतच नाही. नवा घ्यावा, तर जुन्या प्रिंटरची वायर बसत नाही, फॅट मशीन जुळत नाही, जुन्या फॉन्टमधली सभासदांची नावं भलतीच उमटतात. एकाला हात लावला की चार बदलावे लागतात. खरा खर्च तिथंच.

म्हणून आम्ही म्हणतो, वार्षिक सभेत उठून विचारा: काटा आणि मशीन जोडून देणं ठरलेल्या दरातच आहे ना? तसं लिहून घेतलंय का? बदल दहा दिवसांचं बिल भागल्यावरच करा, आधी हिशोबाची प्रत काढा. जुना संगणक लगेच भंगारात घालू नका. आणि तेवढे दिवस आपापल्या चिठ्ठ्या डब्यात जपून ठेवा.