मुलांच्या न्याहारीसाठी नाचणीची नानकटाई

कोकणातील वरकस जमिनीत, तसेच कोल्हापूर व नाशिककडील डोंगरउतारावर नाचणी अथवा नागली हे पीक पिढ्यानपिढ्या घेतले जाते. असे असूनही पुष्कळ घरांतील नाचणी बाजारात जाते आणि त्याच पैशांतून मैद्याच्या बिस्किटांचा पुडा घरी येतो. ती बिस्किटे चहात बुडवून खाल्ली की मुलाची न्याहारी झाली, असे समजले जाते. वास्तविक १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. कणकेत त्याच्या सुमारे दहावा हिस्साच असतो आणि मैद्यात त्याहूनही कमी. आंबिलीला नाक मुरडणारे मूल हीच नाचणी नानकटाईच्या रूपाने आवडीने खाते.

नाचणी शक्यतो मोड आणून दळावी. धुतलेली नाचणी १२ तास भिजवून, ओल्या फडक्यात एक ते दीड दिवस बांधून ठेवावी. बारीक मोड दिसताच ती उन्हात खडखडीत वाळवावी, मंद आचेवर किंचित भाजावी व मोड चोळून, पाखडून दळावी. मोड आल्याने धान्यातील फायटेट कमी होते व त्यातील लोह शरीरास अधिक मिळते.

नुसत्या नाचणीची नानकटाई हातात घेताच भुगा होते. गव्हात ग्लुटेन हे चिकट प्रथिन असते, ते नाचणीत नाही. म्हणून २०० ग्रॅम नाचणीच्या पिठास १०० ग्रॅम कणीक घ्यावी. १२५ ग्रॅम तूप व तितकाच किसलेला गूळ एकत्र फेसून त्यात ही पिठे, चिमूटभर मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा व वेलची घालावी. गोळा वळण्यापुरतेच दूध शिंपडावे. एवढ्या पिठात लहान आकाराच्या सुमारे ३० नानकटाया होतात.

भट्टी नसली तरी अडत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे वाळू पसरून, झाकण ठेवून ती १० मिनिटे तापवावी. वाळूवर तिवई व तिवईवर तूप लावलेली ताटली ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावे. चूल असल्यास झाकणावर थोडे निखारे ठेवावेत. कोकणात धोंडस असेच भाजतात. नाचणीचा रंग मुळातच गडद असल्याने रंगावरून भाजणीचा अंदाज येत नाही, आणि येथेच बहुतेकींची फसगत होते. खमंग वास सुटला व कडा ताटलीपासून सुटू लागल्या की उतरवावे. गरम असताना नानकटाई मऊच लागते. निवल्यावर ती खुसखुशीत होते.

तीन नानकटायांतून मुलाच्या पोटात जेमतेम २० ग्रॅम नाचणी जाते, म्हणजे सुमारे ७० मिलीग्रॅम कॅल्शियम. तेव्हा सोबत चहाऐवजी पेलाभर दूध द्यावे. गूळ हीदेखील साखरच असल्याने एका वेळी तीनहून अधिक देऊ नयेत. पीठ फार दिवस राहिल्यास खवट होते. १५ दिवसांपुरतेच दळावे.